ईम म्हणजे काका नव्हे

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. दोन कामं निघाली म्हणून पत्र लिहिते आहे. कामाशिवाय मी लिहीत नाही, असं तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

पहिलं काम. आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, साठीच्या. त्यांना हल्ली वाचायला त्रास होतो. चष्मा आहे, पण पुरत नाही म्हणतात. तुझ्या दुकानात ते दांडीचं भिंग असतं ना, हातात धरून वाचायचं? त्यातलं चांगलंसं एक पाठव.

दुसरं काम नाही, डोकेदुखी आहे. आमचा इंग्रजी-मराठी कोश रडतखडत 'ई' अक्षरापर्यंत आला, आणि 'ई' माझ्या गळ्यात आहे. त्यात एक मेलेला शब्द निघाला. स्पेलिंग ई-एम-ई, उच्चार 'ईम'. जुन्या कार्डावर फक्त एवढंच: 'अंकल. अप्रचलित.' मी शोधाशोध केली आणि पुढे 'मामा' असं लिहिलं. मुख्य संपादकांनी, म्हणजे आमच्या कात्रीसाहेबांनी, ते लाल शाईने खोडून 'काका' केलं.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, हा शब्द मुळात आईच्या भावासाठी होता."

वर न बघता म्हणाले, "अंकल म्हणजे काका. सगळ्या कोशात एकच ठेवायचं. मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा असं करत बसलो तर हा कोश माझ्या पणतवंडांना बघायला मिळेल."

त्या ऑफिसातल्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या केवढ्या उखडल्या. म्हणाल्या, "मामा आणि काका एकच? मग उद्या भाऊ आणि दीरही एकच म्हणा!"

तू मामा आहेस. तुलाही राग यायला हवा.

आई बरी आहे.

तुझी
भिंगरी

१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

भिंग पाठवलं आहे. काच मी स्वतः घासली आहे. बाईंना सांग, उजेड डाव्या खांद्यावरून घ्यायचा आणि भिंग कागदापासून वीतभर वर धरायचं. बाई शहाण्या दिसतात. भाऊ आणि दीर हे एकदम बरोबर बोलल्या. आमच्या ताईला त्यांच्याकडे शिकवणीला पाठव.

राग मला येतोच, पण तुझ्या त्या कात्रीचा नाही. 'आई बरी आहे.' या तीन शब्दांचा तू रबरी शिक्का करून घेतला आहेस का? गेल्या वर्षभराची तुझी पत्रं काढून बघितली. प्रत्येकाच्या तळाशी हेच. मी ताईला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. चौथं टाकलं ते 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पोस्टमन नवा असेल म्हणून सोडून दिलं.

चार वर्षं झाली या अबोल्याला. आणि मी बोललो तरी काय होतो? तुझ्या बाबांना पोचवून आम्ही परत आलो, बायका ओट्याशी बसल्या होत्या, आणि मी तिला म्हटलं, "ताई, बरं झालं, सुटलीस." झालं. एवढंच. ते तुझे बाबा होते, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तीस वर्षं त्या माणसाने घरात कुणाला मोठ्याने हसू दिलं नाही, हे तुलाही माहीत आहे. मग मी खोटं काय बोललो? सगळ्यांच्या मनात होतं ते मी तोंडाने म्हटलं. तेव्हापासून तिने माझ्या तोंडावर दार लावलंय ते लावलंय.

कधी कधी वाटतं, सरळ गाडीत बसावं आणि तिच्या दारात जाऊन उभं राहावं. पण बोलावल्याशिवाय जाणाऱ्यातला मी नाही.

त्या ईमचं पुढे काय झालं ते कळव. ऐकायला एखाद्या खोकल्याच्या औषधासारखा वाटतो.

तुझा
मामा

२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ईमची कुंडली ऐक. दोन आठवडे त्याच्या मागे होते, आणि हे सगळं मी कात्रीसाहेबांना चार पानी टिपण करून दिलंय. त्यांनी ते चहाच्या कपाखाली ठेवलं.

हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजांच्या भाषेत आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द होते. बापाच्या भावाला एक, आईच्या भावाला दुसरा. आईचा भाऊ तो 'एआम'. घासून घासून त्याचा 'ईम' झाला. त्या काळच्या लोकांत मामाचं वजन मोठं होतं. बहिणीचं पोर म्हणजे स्वतःच्या पोराच्या बरोबरीचं. मग फ्रेंच बोलणारे राजे आले आणि त्यांच्या सामानात 'अंकल' आला. कानामागून आला आणि तिखट झाला. चुलत्याचा शब्द आधी गेला. मामाचा पुष्कळ दिवस तग धरून होता, विशेषतः उत्तरेकडे. पण तोही सैल होत गेला. आधी फक्त मामा, मग कुठलाही काका-मामा, मग गप्पांचा सोबती, जवळचा माणूस. आता तो काही लोकांच्या आडनावात तेवढा उरलाय, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल.

आणि खरी गंमत पुढे आहे. हा 'अंकल' ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचाही अर्थ काय? आईचा भाऊ! शब्दशः 'छोटा आजोबा'. म्हणजे एका मामाने दुसऱ्या मामाला घराबाहेर काढलं आणि स्वतः सगळ्यांचा काका होऊन बसला. भाषेनेच मामाला मामा बनवलं.

कात्रीसाहेबांना हे सांगितलं. म्हणाले, "मनोरंजक आहे. कोशात मनोरंजनाला जागा नाही." त्या लाल शाईच्या दौतीत त्यांचं नाक बुडवावं असं मला वाटलं.

भिंगाचा उपयोग होत नाही, मामा. बाईंनी दोन दिवस वापरलं आणि टेबलावर आपटलं. अक्षर स्पष्ट दिसतं म्हणतात, पण ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवातच सापडत नाही. हल्ली दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. परवा कप टेबलावर ठेवायला गेल्या तो टेबल संपलं तिथे ठेवला. यापेक्षा मोठ्या नंबरचं भिंग मिळेल का?

आई बरी आहे. शिक्का नाही, हाताने लिहिलंय.

तुझी
भिंगरी

३ मार्च

भिंगरी,

भिंग फेकून दे. मोठं नको, छोटं नको, कुठलंच नको. ओळीची सुरुवात हरवते, चौकट लागते, कप कडेबाहेर जातो. हे नंबर वाढण्याचं लक्षण नाही. मधलं दिसतंय आणि कडेचं जातंय. मी डॉक्टर नाही, चष्मे विकणारा माणूस आहे, पण हे मी आमच्या घरात पाहिलंय. तुझ्या आजीचे डोळे असेच गेले. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, नुसता कडेकडेने खात येतो आणि कळेपर्यंत उशीर होतो.

आणि आता ऐक. दुकानात रोज कोणी तरी येतो आणि म्हणतो, "एका मित्राला बारीक अक्षर दिसत नाही." मी त्याच्याच डोळ्यांना यंत्र लावतो. तुझ्या ऑफिसात बाई वगैरे कोणी नाही. ते डोळे तुझेच आहेत. दिवसभर मुंगीएवढ्या अक्षरांची प्रुफं वाचतेस, वर हे आजीचं देणं. मला कसं कळलं नाही आधी!

हे पत्र वाचशील त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्या नाही. कोश खड्ड्यात गेला, ईम खड्ड्यात गेला. डोळ्यांचा दाब मोजायला सांग, आणि आजीचं सांग. ते सांगायला विसरू नकोस.

आणि तुझ्या आईला कळव. माझ्याशी बोलत नसेल, पण तुझी आई आहे ना ती!

मामा

९ मार्च

प्रिय मामा,

मी ठीक आहे. माझेही डोळे तपासून घेतले, दाब बरोबर आहे. ते डोळे आईचे आहेत.

आता ओरडायचं ते ओरड, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आई गेल्या वर्षापासून माझ्याकडे राहते. एकटीने राहणं तिला जमेनासं झालं होतं, का ते सांगत नव्हती. स्वयंपाकघरात हात भाजून घेतला तेव्हा मी तिला उचलून घेऊन आले. येतानाच तिने मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही. "तो लगेच यंत्र घेऊन येईल आणि वर भाषण देईल," म्हणाली.

तुझं तीन तारखेचं पत्र तिला वाचून दाखवलं. 'आईला कळव' इथे आले आणि मला पुढे वाचवेना. तीच उठली आणि म्हणाली, "चल, कुठे तो डॉक्टर?" काचबिंदूच निघाला. दोन्ही डोळे. जे गेलं ते परत येत नाही म्हणाले. जे राहिलंय ते राखायला थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

तुझी सगळी पत्रं मी तिला वाचून दाखवते, मामा. पहिल्यापासून. आधी म्हणायची, "फाड ते." फाडलं एकही नाही, हे तिला माहीत आहे. रात्रीची प्रुफंही मी तिलाच मोठ्याने वाचते, कारण ऐकताना तिला चूक बरोबर कळते. भाऊ आणि दीर हे वाक्य तिचंच. 'ईम' आला तेव्हा तीच हट्टाला पेटली होती. मला तो शब्द एवढा महत्त्वाचा वाटलाही नव्हता.

तुझी
भिंगरी

१३ मार्च

भिंगरी,

तुझ्यावर ओरडण्यात अर्थ नाही. हे पत्र तू तिला वाचून दाखवणार हे आता कळलं, तेव्हा पुढचं सगळं तिच्यासाठी. आवाज चढवून वाच, मी चढवूनच लिहितो आहे.

ताई, ऐकते आहेस ना? मग ऐक. आईचे डोळे कसे गेले ते तू माझ्याइतकंच पाहिलंस. ती दाराची कडी चाचपडायची आणि आपण दोघं तो खेळ समजून हसायचो. पुढे मी हा धंदा का धरला, ते तुला वेगळं सांगायला नको. दर वर्षी डोळ्यांचा दाब मोजून घे, हे मी तुला प्रत्येक भेटीत सांगत होतो. दर भेटीत! तू हो म्हणायचीस आणि विषय बदलायचीस. गावभराच्या नाकांवर चष्मे बसवले मी, आणि सख्ख्या बहिणीचे डोळे जातात ते मला एका खोट्या ऑफिसातल्या खोट्या बाईकडून कळतं!

माझ्यावर राग धरायचा तर धर. चार वर्षं काय, चाळीस धर. पण राग माझ्यावर आणि शिक्षा डोळ्यांना, हा कुठला न्याय?

आणि जे बोललो ते मी मागे घेणार नाही. खरं होतं ते. बोलावलंस तर उद्या निघतो. नाही बोलावलंस तर इथे बसून तुझ्या नावाने बोटं मोडतो.

मामा

२० मार्च

ठोंब्या,

मी सांगते आहे आणि भिंगरी लिहिते आहे. एकही शब्द सुधारायचा नाही अशी तिला ताकीद आहे.

दाबाचं आधी. तू सांगितलंस म्हणूनच मी गेले नाही. तू असं सांगायचास, जसं काही मी दुकानात आलेलं गिऱ्हाईक आहे. मूर्खपणा झाला. पण तो माझा आहे, त्यावर तुझं भाषण नको.

आता ते दुसरं. चार वर्षं जगाला विचारत फिरतो आहेस की मी खोटं काय बोललो. कोण म्हणालं खोटं होतं? खरंच होतं. म्हणून तर लागलं. त्या दिवशी पहाटेपासून माझ्याही मनात तेच येत होतं आणि मी ते दाबून धरलं होतं. कारण तीस वर्षांत आणखीही काही असतं रे. तापाने फणफणला की हाच माणूस माझा हात सोडायचा नाही. मी उठले तर लहान मुलासारखा हाका मारायचा. ते मी कुठे ठेवू? दोन्ही नीट लावून ठेवायला मला थोडा वेळ हवा होता. तू मधे आलास, त्यातलं एक उचललंस आणि बायकांच्या मधोमध ठेवून दिलंस. जाऊबाई तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशी घरभर झालं, 'ही म्हणते सुटले.' मी म्हणाले नव्हते. तू म्हणालास. पण मग मला रडताही येईना, कारण रडले असते तर ते नाटक ठरलं असतं.

मग काय बोलायला हवं होतं, असं विचारशील. काही नाही. शेजारी बसायचं होतं. तेवढंच काम होतं, तेही तुला जमलं नाही.

भिंगरी सोमवारी छापखान्याच्या गावी जाते आहे, पंधरवडाभर. मी एकटी राहू शकते. थेंबही माझे मी घालू शकते. निम्मे गालावर जातात, पण घालू शकते. तू येण्याची काहीएक गरज नाही.

ताई

मामा, मी एकही शब्द सुधारलेला नाही. फक्त, थेंब निम्मे नाही, सगळेच गालावर जातात. किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे ठेवली आहे.
भि.

३० मार्च

प्रिय मामा,

माझ्याच घरच्या पत्त्यावर तुला पत्र लिहिते आहे, तू तिथे असशील असं धरून. नसलास तर शिंपीणबाई हे आईला वाचून दाखवतील आणि माझं काही खरं नाही.

इथे सगळीकडे शाईचा वास आहे आणि माझं डोकं ठणकतंय. 'ई'ची पानं काल छापून झाली. 'ईम: काका. (अप्र.)' एवढंच. माझ्या चार पानांतला एक शब्दही नाही. मी शेवटचा प्रयत्न म्हणून कात्रीसाहेबांना गाठलं. म्हटलं, निदान शुद्धिपत्रात तरी घ्या. मशीन धडधडत होतं, आम्ही दोघं एकमेकांच्या कानात ओरडत होतो. ते ओरडले, "शुद्धिपत्रात चुका घालतात, मतं नाही!" मी ओरडले, "ही चूकच आहे!" तेवढ्यात मशीन थांबलं आणि माझं ओरडणं सगळ्या छापखान्याने ऐकलं. ते मला म्हणाले, "एका मेलेल्या शब्दाचा तुम्हाला एवढा पुळका का?" चहा प्यायला बाहेर गेले आणि रस्त्यावर उभी राहून रागाने रडले.

आता पुढच्या पन्नास वर्षांत जो कोणी हा कोश उघडेल, त्याला तिथे काकाच भेटणार. आईला हे तू सांग. मला धीर नाही.

आणि एक ओळ तरी लिही. पोचलास का? भांडलात का? थेंब डोळ्यांत जातात का?

तुझी
भिंगरी

५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पोचलो. भांडलो, पण चौथ्या दिवशी. थेंब डोळ्यांत जातात, मी घालतो. मान मागे टाकायची, खालची पापणी ओढायची, आणि बोलायचं नाही. बोलली की थेंब नाकावर. अजून शिकते आहे.

कोशाचं तिला सांगितलं. तुझ्या कात्रीसाहेबाला तिने जी विशेषणं लावली ती कुठल्याच कोशात सापडायची नाहीत. शिंपीणबाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. मग ताई म्हणाली, "पोरीला कळव, रस्त्यात रडू नये. घरी येऊन रडावं." दिवसभर धुसफुसत होती. मलाही त्या शब्दाचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आधी वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवसाचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. दार तिनेच उघडलं. "आलास? चपला बाहेर काढ." चार वर्षांनी हे एवढंच. मी गाडीतच ठरवून आलो होतो की तोंड उघडायचं नाही. तिने सांगितलं होतं तसं करायचं. संध्याकाळी ती तुझ्या खिडकीपाशी खुर्चीत बसली. मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसलो.

इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नसेल. तुझ्या घरातला दिवा चुकीच्या ठिकाणी आहे. जिन्याच्या कडांना पांढरी पट्टी मारायला हवी. ते कोपऱ्यातलं स्टूल तिथून हलवायला हवं, तिला दिसणार नाही. सगळं जिभेवर आलं आणि सगळं गिळलं. तुझ्या बाबांचंही काही काही आलं. तेही गिळलं. बाहेर अंधार पडत होता. समोरच्या घरातले दिवे लागले. ताई सरळ समोर बघत होती.

मग माझ्या ध्यानात आलं. माझ्यासारख्या माणसाला ते आधी सुचायला हवं होतं. तिला समोरचं तेवढं दिसतं, कडेचं दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस तिला दिसतच नाही. आणि मी तर श्वासही जपून घेत होतो. मी बसलो आहे की कधीच उठून गेलो, हे तिला कळणार कसं? खोकावं का, खुर्ची सरकवावी का, काही सुचेना. गप्प राहिलो तरी चूक, बोललो तरी चूक.

तेवढ्यात, मान न वळवता, तिनेच विचारलं, "ठोंब्या, आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग बस," ती म्हणाली.

तुझा
मामा